बोट लागली त्याची गोष्ट

आपल्याकडे जशी गाडी लागते, तशीच बोटही लागते. मला गाडी कधीच लागली नव्हती, अगदी आंबा घाटातसुद्धा. त्याच गुर्मीत ऑगस्टमध्ये चेन्नई ते पोर्ट ब्लेअर बोटीचं तिकीट काढलं, तेही बंक क्लासचं. अंतर साधारण बाराशे किलोमीटर, अडीच-तीन दिवस. पावसाळ्यात बंगालचा उपसागर खवळलेला असतो हे शाळेत वाचलं होतं, पण शाळेत वाचलेलं कुठे कामाला येतं!

बंदराची भिंत मागे पडली आणि तासाभरात मळमळायला लागलं. मग अ‍ॅव्होमिनची गोळी घेतली. ती बोट सुटायच्या आधी घ्यायची असते. माझी पाच मिनिटांत बाहेर आली.

आमचा हॉल खाली, बोटीच्या नाकाकडे. तिथेच हेलकावे सगळ्यात जास्त. नाक वर गेलं की पोट खालीच राहायचं, आणि नाक खाली आलं की पोट घशाशी. वर डिझेल, फिनेल आणि सांबाराचा एकत्र वास. बंकवर डोळे मिटून पडलो की बरं वाटेल म्हणून पडून राहिलो. पंख्याच्या खिळ्याला अडकवलेली कुणाची तरी पिशवी डुलत होती, तिच्याकडे बघून आणखी दोनदा उलटी. 1911 साली सावरकरांना मद्रासहून ‘महाराजा’ आगबोटीने अंदमानला नेलं, तेही बेड्यांत, हे आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. उलटी मात्र थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बंकवरच्या मावशींनी दंडाला धरून उठवलं. त्या अंदमानच्याच. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून तिथे वसवलेल्या कुटुंबातल्या. म्हणाल्या, “पड़े मत रहो बेटा, ऊपर चलो. पानी मत देखो, दूर देखो.”

खाली काय होतं, तर आतल्या कानाला हेलकावे कळतात आणि डोळ्यांना मात्र समोरचा पत्रा स्थिर दिसतो. दोघांचं जुळत नाही आणि भोगतं पोट. डेकवर बोटीच्या मध्यावर बसून क्षितिजाची रेघ बघत राहिलो. ती कठड्याच्या वर चढायची, खाली बुडायची. वारा तोंडावर. मावशींनी डब्यातून मूठभर मुरमुरे दिले, त्यात मीठ आणि बारीक चिरलेलं आलं. एकेक दाणा चघळत होतो. अर्ध्या तासाने लक्षात आलं की मुरमुरे संपले होते आणि आत टिकले होते. तेवढ्यात पाण्यातून चांदीच्या पट्टीसारखे उडते मासे निघाले आणि लाटेवरून सरळ लांब गेले. गेल्या वीस तासांत पोट सोडून दुसऱ्या कशाकडे माझं लक्ष गेलं ते तेव्हा पहिल्यांदा.

रात्री भात-डाळ दोनदा घेतली. झोपायला खाली गेलो, तर हेलकावे तेवढेच होते, पण अंगाला त्यांची सवय झाली होती.

चौथ्या दिवशी सव्वापाचला उजाडलं आणि जमीन दिसली. बंदरात शिरताना नॉर्थ बेचं दीपगृह. जुन्या लाल वीसच्या नोटेवर मागच्या बाजूला आहे तेच. पाकिटात नोट शोधली, नव्हती.

हॅडोच्या धक्क्यावर उतरलो आणि धक्काच हलायला लागला! संध्याकाळी लॉजवर आंघोळ करताना भिंत धरून तांब्या डोक्यावर ओतत होतो. मावशींचा निरोप घेताना त्यांनी विचारलं होतं, परत बोटीनेच ना? मी मान डोलावली. खिशात विमानाचं तिकीट होतं.