पुणे ते महाबळेश्वर, नव्या टायरांवर

गेल्या हिवाळ्यात इलेक्ट्रिक गाडीने याच रस्त्याने गेलो तेव्हा महाबळेश्वरला पोचताना बॅटरी ४९ टक्के उरली होती. यंदा ५३. गाडी तीच, ४५ किलोवॅट-तासांची बॅटरी तीच, घरातली माणसंही तीच. बदलले फक्त टायर. मूळचे झिजल्यावर मी दिसायला दणकट, रुंद टायर घातले होते. ती चूक होती. आता फिरताना कमी ऊर्जा खाणारे, कंपनीने सांगितलेल्या मापाचेच घेतले. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या खांबावर लिहिलेल्या आकड्याइतकी भरली. चार टक्के म्हणजे सपाटीवर जवळपास १२ किलोमीटर. घाटाच्या तोंडाशी एवढा फरक फार धीर देतो.

खंबाटकी, सुरूर फाटा, वाई इथवर काहीच त्रास नाही. पसरणी घाट मात्र वीज खातो. शनिवारी निघू नका.

मुक्कामी खरी अडचण चार्जिंगची. खोलीजवळच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला अर्थिंग नव्हतं, चार्जरचा लाल दिवा लागला. शेवटी मालकांनी पंपाच्या खोलीतलं सॉकेट दिलं. तिथे सुमारे ३ किलोवॅटने साडेसहा तासांत ५३ चे ९० झाले. माझ्या गाडीतला चार्जर ७.२ किलोवॅट घेऊ शकतो, पण सॉकेटच तेवढं देत नाही. म्हणून खोली ठरवतानाच फोनवर विचारा: सॉकेट १५ अँपिअरचं आहे का, अर्थिंग तपासलंय का, गाडी तिथवर येते का? घरातली बारीक वायरची एक्स्टेन्शन अजिबात नेऊ नका. तासन्‌तास १३-१४ अँपिअर वाहिले की ती तापते, प्लग वितळतो.

घाटावर असताना बॅटरी १०० टक्के भरू नका. उतारावर वेग रोखताना गाडी वीज परत बनवते, भरलेल्या बॅटरीत ती मावत नाही, मग सगळा भार ब्रेकवर येतो. आम्ही पाचगणी ८४ वर सोडली आणि वाईत उतरलो तेव्हा ८६ होते! मुलांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना शिरवळजवळ चहाला थांबलो, तेव्हा फास्ट चार्जर लावून पाहिला. पाटीवर ६० किलोवॅट, मिळत होते २९, कारण त्याच यंत्राच्या दुसऱ्या गनला (गाडीत लावायच्या चार्जिंगच्या प्लगला) आणखी एक गाडी होती. ती गेल्यावर आकडा ४४ वर गेला. दोन गनांचं यंत्र असेल तर आधी शेजारी पाहा. ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग घसरतोच, तिथे गन काढून जागा पुढच्याला द्या.