सिद्ध कोणी करायचं?

आमच्या सोसायटीच्या गणपतीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला की कुणी ना कुणी मला गाठतंच. "वकीलसाहेब, तुम्ही देव मानत नाही ना? मग देव नाही हे सिद्ध करून दाखवा." यंदा तुम्ही विचारलंत आणि उत्तर ऐकायला थांबलातही, म्हणून सविस्तर सांगतो.

शिवाजीनगर कोर्टात मी 26 वर्षं दिवाणी दावे चालवतोय. समजा, कुणी म्हणालं की मी तुम्हाला 2 लाख रुपये हातउसने दिले होते. पैसे घेतलेच नाहीत याचा कागद तुम्ही कुठून आणणार? न घेतलेल्या पैशांची पावती नसते. म्हणून कोर्ट आधी त्यालाच विचारतं, चिठ्ठी, चेक, साक्षीदार, काय असेल ते दाखव. 1872 च्या पुरावा कायद्यात हे 101 वं कलम होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 104 वं झालं.

देवाबाबत माझं म्हणणं एवढंच आहे. देव नसल्याचं मी सिद्ध केलंय, असं मी कधीच म्हणत नाही. म्हणालो तर ते ओझं माझ्या डोक्यावर येईल आणि मला पेलणार नाही. आजवर जे पुरावे पुढे आले ते मला पटले नाहीत, म्हणून मानत नाही. आई रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हणते. तिच्यासाठी मंडईतून दूर्वा मीच आणतो. तिच्याकडे पुरावा मागायचं माझ्या मनातही येत नाही, कारण तिची श्रद्धा कुणाचं काही हिरावून घेत नाही.

माझ्या आत्येबहिणीचं ठरत आलेलं लग्न मात्र मंगळावरून मोडलं. पोरगी धड जेवेना. सगळे तिलाच समजावत होते. पत्रिका बघणाऱ्याला 'हे खरं कशावरून?' असा एक प्रश्न कुणी विचारला नाही. तो प्रश्न 2008 मध्ये पुण्यातच खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. हुशार मुलांच्या 100 आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या 100 पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर निघाली. नाणं उडवून ठरवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती.

20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी फिरायला निघालेल्या डॉक्टर दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. खटला पुण्यातच चालला. 10 मे 2024 रोजी विशेष न्यायालयाने पाच आरोपींपैकी दोघांना जन्मठेप दिली, तिघांना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. 'आपण काहीच केलं नाही हे त्या तिघांनी सिद्ध करावं की,' असं मनात येत राहिलं. मग गणपतीतला हा नेहमीचा प्रश्न आठवला. तो अगदी असाच असतो. आरोप ज्याचा, सिद्ध त्यानेच करायचं, हे मी दर गणपतीत सांगत आलो आणि त्या रात्री तेच मला स्वतःला सांगावं लागलं. फार जड गेलं.