नदीला कुंपण असतं तेव्हा

नदीचा उगम बघायला एखाद्या वाड्याच्या अंगणात शिरावं लागेल असं वाटलं नव्हतं. जर्मनीतलं होल्त्सविकेडे हे डॉर्टमुंडच्या पूर्वेचं छोटं गाव. तिथं लाकडी चौकटींचं एक जुनं शेतघर आहे, त्याच्या अंगणात एक तळं, आणि त्या तळ्यातून निघते एम्शर. ओंजळीत मावेल एवढी धार. तिच्या काठानं ऱ्हाईनपर्यंत सायकलनं जायचं, तीन दिवसांत, रमतगमत, असा माझा बेत होता. नदी जेमतेम ८० किलोमीटरची, पण हिच्याइतकी बदनाम नदी त्या देशात दुसरी नसावी. शंभरेक वर्षं ती अधिकृतपणे गटार होती.

‘अधिकृतपणे’ हा शब्द मुद्दाम वापरला. येण्याआधी माझी समजूत अशी की कारखाने आले, लोकवस्ती वाढली, कुणी लक्ष दिलं नाही आणि नदी नासली. इथं तसं झालेलं नाही. एकोणिसाव्या शतकात या भागाखालून कोळसा काढायला सुरुवात झाली आणि पोकळ झालेली जमीन वरून खचायला लागली. काही ठिकाणी ती २० मीटरहून जास्त खाली गेली आहे. नदीचा उतारच बिघडला. मैलापाणी पुढं सरकेना, शेतांत आणि वस्त्यांत तुंबून राहू लागलं, रोगराई पसरली. जमिनीखालून गटारं घालावीत तर जमीन खचली की नळ फुटणार. मग १८९९ मध्ये गावं, खाणी आणि कारखाने यांनी मिळून एम्शरगेनॉसनशाफ्ट नावाची सहकारी संस्था काढली आणि सरळ हिशेब मांडला : नदीलाच उघडं गटार करायचं. वळणं काढून तिला सरळ केलं, तळाला काँक्रीटच्या लाद्या बसवल्या, दोन्ही बाजूंना बांध घातले. जमीन खचली की लाद्या उचलायच्या, उतार नीट करायचा, पुन्हा बसवायच्या. मुखसुद्धा दोनदा उत्तरेकडे हलवलं, १९१० च्या सुमारास आणि मग १९४९ मध्ये.

या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. एम्शरच्या दक्षिणेला तिला जवळपास समांतर रूर नदी वाहते. रूर पिण्यासाठी राखायची आणि घाण एम्शरकडे वळवायची, अशी ही वाटणी होती. रूरला जपायची निकड का वाटली, ते १९०१ मध्ये याच भागातल्या गेल्सनकिर्शन शहरातल्या साथीनं दाखवून दिलं. रूरचं न गाळलेलं पाणी नळांत सोडलं गेल्यानं तीनेक हजार लोकांना विषमज्वर झाला. तपासाला क्षयाचे जंतू शोधणारे खुद्द रॉबर्ट कॉख आले होते. एक नदी वाचवायला दुसरी बळी दिली. मला ते पटत नाही, पण त्या लोकांच्या जागी असते तर मी काय केलं असतं, तेही सांगता येत नाही.

डॉर्टमुंडमध्ये फिनिक्स तळं लागतं. तिथं पूर्वी पोलाद कारखाना होता. तो बंद पडल्यावर सगळी यंत्रसामग्री उचलून चीनला गेली आणि रिकाम्या जागेत २०१० साली पाणी सोडायला सुरुवात झाली. आता शिडाची नावं, काठावर देखणी घरं. लोकांचे कॅमेरे तळ्याकडं, पण खरी गोष्ट शेजारून वाहते. कारखान्याखालच्या नळातून जाणारी एम्शर इथं उजेडात आणून वेगळ्या, वळणावळणाच्या पात्रात सोडली आहे. खडी, बोरू, गुडघाभर पाणी. मी पाय बुडवले आणि नंतर वास घेऊन पाहिला. सांगायला लाज वाटते, पण तिथं कुणालाही तोच मोह होईल.

पुढं बॉट्रॉपकडं जाताना काही पट्ट्यांत अजून जुनं पात्र दिसतं : उंच बांध, सरळसोट उतार, वर लोखंडी कुंपण आणि ‘जिवाला धोका’ असल्याच्या पाट्या. उतार इतका गुळगुळीत की पडलेलं पोर वर येणं कठीण. एका बाकावर भेटलेले आजोबा, खाणीत उभी हयात काढलेले, म्हणाले की या भागातल्या प्रत्येक आईची पहिली ताकीद हीच असायची, की ओढ्याकडं जायचं नाही. ओढ्यांना इथं ‘क्योटलबेके’ म्हणतात, म्हणजे जवळपास ‘लेंड्यांचा ओढा’. शब्द सांगताना आजोबा मनापासून हसले. उन्हाळ्यात त्या वासानं खिडक्या बंद ठेवाव्या लागत, हेही त्यांनी तितक्याच सहज सांगितलं.

खाणकाम उत्तरेकडं सरकलं, इथली जमीन स्थिरावली, आणि मगच जमिनीखालून नळ घालणं शक्य झालं. १९९२ मध्ये काम सुरू झालं. डॉर्टमुंडपासून ऱ्हाईनकाठच्या डिन्सलाकनपर्यंत ५१ किलोमीटरचं मुख्य गटार, आणि त्याला येऊन मिळणारं शेकडो किलोमीटरचं जाळं. पाणी आपोआप वाहायला किलोमीटरमागे साधारण दीड मीटर उतार लागतो, आणि सपाट प्रदेशात तो राखायचा म्हणजे गटार खोल खोल जातं, शेवटी ४० मीटरपर्यंत. म्हणून गेल्सनकिर्शन, बॉट्रॉप आणि ओबरहाउझन इथं प्रचंड पंप बसवून मैलापाणी वर उचलतात. २०२१ च्या अखेरीस शेवटचं सांडपाणी नदीतून निघालं. खर्च सुमारे साडेपाच अब्ज युरो. मुसळधार पावसात साठवण टाक्या भरल्या तर पातळ झालेलं मिश्र पाणी थोडंफार नदीत उतरतं, पण रोजची घाण आता नळातून जाते.

बॉट्रॉपच्या शुद्धीकरण केंद्रातल्या गाळ कुजवायच्या चार अंड्यांसारख्या टाक्या रात्री निळ्या उजेडात चमकतात. तिथं जवळच एक जुनं, बंद केलेलं केंद्र आहे, त्याची बाग केली आहे आणि काँक्रीटच्या गटारनळांच्या तुकड्यांत राहायच्या खोल्या! मला जागा मिळाली नाही. थोडं वाईट वाटलं, थोडं बरंही.

आजोबांनी जाता जाता आणखी एक सांगितलं होतं, तेच डोक्यातून जाईना. बॉट्रॉपची प्रॉस्पर-हानिएल ही देशातली शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. खाण बंद, पण पंप चालूच. खचलेला प्रदेश बशीसारखा झाला आहे. उपसा थांबवला तर या खोऱ्याचा सुमारे ४० टक्के भाग पाण्याखाली जाईल. त्याशिवाय जुन्या बोगद्यांत झिरपून साचणारं खाणीचं पाणी खारं असतं, त्यात विरघळलेलं लोह असतं, आणि काही ठिकाणी यंत्रांतल्या जुन्या हायड्रॉलिक तेलातली पीसीबी ही विषारी रसायनंसुद्धा. ते वर चढून पिण्याच्या भूजलाला मिळू नये म्हणून त्याची पातळी कायम खाली धरून ठेवावी लागते. जर्मनीत या कामांना ‘अनंतकाळची कामं’ म्हणतात. त्यांच्या खर्चासाठी २००७ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन केलं, आणि दरवर्षी २० कोटी युरोंहून जास्त रक्कम या कामांवर खर्च होते. मैल्याची गोष्ट तीस वर्षांत मिटली. त्याला सुरुवात होती, शेवट होता, उद्घाटनाची फीतही होती. खाणीच्या पाण्याला फीत कुठं बांधणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी डिन्सलाकनला पोचले. जुन्या मुखाशी नदी उंच पायरीवरून ऱ्हाईनमध्ये कोसळायची, त्यामुळं मासे वर चढूच शकत नव्हते. आता मुख थोडं उत्तरेला सरकवून रुंद, उथळ केलं आहे. २०२२ पासून एम्शर तिथून ऱ्हाईनला मिळते. बांधावर एक बाई दुर्बीण लावून पक्षी मोजत होत्या. त्यांच्याशी बोलताना कळलं की लोहबेर्गच्या बंद खाणीचा मनोरा इथून सायकलनं जवळच आहे. एम्शर खोऱ्यातलं खाणीचं पाणी जमिनीखालून तिकडं वळवायचं, एकाच ठिकाणी वर काढायचं आणि नळानं थेट ऱ्हाईनला सोडायचं, अशी योजना आहे.

ऊन उतरायच्या आत मी तिकडं सायकल वळवली. मनोरा लांबूनच दिसत होता.