चराईबंद माळाची नोंदवही: तिसरा पावसाळा

बालाघाटाच्या पठारावर, मुरमाड बरडावर राखलेल्या तुकड्याची दसऱ्याची मोजणी आटोपली. चराई बंद केल्यापासूनचा हा तिसरा पावसाळा. आपापल्या गावच्या माळावर असाच तुकडा राखून अनुक्रमण, म्हणजे एका वनस्पतीची जागा दुसरी घेत जाते तो क्रम, मोजू पाहणाऱ्यांसाठी ही नोंद.

पहिल्या वर्षी टाकळा, एकदांडी, कुर्डू आणि एका पावसाळ्यात उगवून-वाळून मोकळी होणारी बारीक गवतं होती. त्यातही तीन कुसळांची ॲरिस्टिडा जास्त. यंदा कुसळी, म्हणजे हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस, उघड उघड वरचढ आहे. पवन्याचे (सेहिमा नर्व्होसम) ठोंब दगडी बांधाच्या कडेनं आत सरकताहेत, आणि पाणी मुरतं त्या खोलगट जागी मारवेल (डायकॅन्थियम) धरलं आहे. मोकाट चराईत माळ पवन्याकडून कुसळीकडं आणि तिथून ॲरिस्टिडाकडं घसरत जातो. इथं तीच वाट उलटी चालू आहे. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 साली भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार पाडले. त्यातल्या सेहिमा-डायकॅन्थियम प्रकारात दख्खनचं पठार येतं, तेव्हा पवन्या आणि मारवेल परतणं अपेक्षितच होतं.

पण हे श्रेय चराईबंदीचं की पावसाचं? मराठवाड्यात हा प्रश्न टाळून चालत नाही. पाऊस लागून राहिला की उघड्या माळावरही गवत गुडघ्याला लागतं, आणि ओढ दिली की राखलेला माळही भुंडा दिसतो. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या 2016 च्या आधीची दोन वर्षं घेऊन कुणी नुसता राखलेला तुकडा मोजला असता, तर ‘राखल्यानं गवत घटलं’ असाच निष्कर्ष निघाला असता. म्हणून शेजारी तेवढाच उघडा तुकडा हवा. तो नसेल तर बाकी मोजणी कितीही काटेकोर करा, तिला अर्थ नाही.

जोडी निवडताना दोन्ही तुकडे 20 मीटर × 20 मीटर घ्या, उतार आणि मुरमाची खोली सारखी ठेवा. खोली बघायला पहार पुरते: दहा-बारा ठिकाणी ठोकून कातळ किती खाली लागतो ते लिहून काढा. एका तुकड्यात वीतभर माती आणि दुसऱ्यात हातभर असेल तर ती जोडी नव्हेच, कारण उथळ मुरमावर पवन्या आणि खोल काळीवर मारवेल हा फरक चराईशिवायही पडतो. उघडा तुकडा पाणवठ्याच्या वाटेवर नको; तिथं चरण्यापेक्षा तुडवणं जास्त होतं. जमीन गायरान असेल तर आधी ग्रामसभेत विषय मांडा. न विचारता घातलेलं काटेरी कुंपण आठवड्यात नाहीसं होतं, आणि त्यात गुराख्यांची चूक नसते.

पाऊस जागेवरच मोजा. महसूल मंडळाचं यंत्र काही किलोमीटर लांब असतं, आणि आपल्याकडं ओढ्याच्या एका अंगाला पाऊस पडून दुसरं अंग कोरडं राहतं. 20 सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं कॅनवर बसवलं की तोंडाचं क्षेत्रफळ 314 चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे 31.4 मिलिलिटर पाणी बरोबर 1 मिलिमीटर पाऊस. पाणी उडून जाऊ नये म्हणून कॅनमध्ये चमचाभर गोडेतेल टाकायचं.

आता गवत मोजायची चौकट. अर्धा इंची पीव्हीसी पाइपाची 1 मीटर × 1 मीटर चौकट सगळेच बनवतात, पण उंच गवतात ती खाली बसत नाही. मग लोक गवत दाबतात आणि बाहेरची पाती आत येतात. तीनच बाजू जोडा, उघडी बाजू पुढं धरून चौकट बुंध्याशी सरकवा आणि चौथ्या बाजूला दोरी ताणा. एल्बो बसवल्यावर आतलं माप टेपनं पुन्हा तपासा. दर 10 सेंटिमीटरला सुतळी बांधली की शंभर घरं होतात, एक घर म्हणजे एक टक्का.

कायमच्या चौकटींच्या कोपऱ्यांना सळया ठोकू नका, भंगारात जातात. सहा इंची खिळा जमिनीच्या पातळीखाली ठोका आणि बांधातल्या दोन रंगवलेल्या दगडांपासून त्याचं अंतर टेपनं लिहून ठेवा. दोन अंतरांच्या छेदावर खिळा सापडतोच. मोबाइलचं जीपीएस कित्येक मीटर इकडंतिकडं दाखवतं, मीटरभराच्या चौकटीला ते कुचकामाचं.

या हंगामात पद्धतीत एक मोठा बदल केला. आतापर्यंत पानोऱ्याचं, म्हणजे वरून दिसणाऱ्या पानांच्या पसाऱ्याचं, आच्छादन धरत होतो, आता बुंध्याचं धरतो. पानोरा पावसाबरोबर फुगतो आणि आटतो. बहुवर्षायू गवताचा बुंधा हळू वाढतो, हळू मरतो. अनुक्रमण बघायचं तर तोच बघावा. रीत सोपी आहे. 20 मीटर टेप जमिनीलगत ताणा, दर 20 सेंटिमीटरला सायकलच्या चाकाचा आरा सरळ उभा सोडा आणि टोक कशाला टेकलं ते लिहा: जिवंत बुंधा, वाळका पाचोळा, दगड की उघडी माती. शंभर बिंदू, थेट टक्के. वाऱ्यात आरा कलतो, म्हणून सकाळी करा. टेप पिवळ्या गवतावर झोल खात असेल तर दोन्ही टोकांना खुंट्या मारून घ्या. आणि पात्याला आरा लागला म्हणून बुंधा लिहायचा मोह आवरा, सगळ्यात जास्त गफलत इथंच होते.

मोजणी वर्षातून दोनदा हवी. बारीक एकवर्षायू गवतं पोळ्याच्या सुमाराला फुलावर असतात आणि दसऱ्यापर्यंत वाळून उडून जातात. पवन्या, कुसळी, मारवेल ओळखू येतात ते सप्टेंबरच्या मध्यापासून पुढं. एकच मोजणी करणाऱ्याच्या यादीत निम्मा माळ नसतो.

ओळखीसाठी दहा पट भिंग पुरेसं आहे. मारवेलच्या काडीवर प्रत्येक पेराला पांढऱ्या केसांचं कडं असतं, ते दिसलं की शंका नाही. ॲरिस्टिडाच्या दाण्याला तीन फाट्यांचं कुसळ असतं. कुसळीचं एकच, काळपट-तपकिरी, पिळदार आणि मधे गुडघ्यासारखं वाकलेलं. ते तळहातावर ठेवून थुंकीचा थेंब लावा: पीळ सुटताना दाणा गरागरा फिरायला लागतो, वाळला की पुन्हा पीळ बसतो. दव आणि ऊन यांच्या या खेळानंच टोकदार दाणा मुरमात स्वतःला गाडून घेतो. उघड्या, तुडवलेल्या जमिनीवर कुसळी इतक्या लवकर का येते याचं अर्धं उत्तर या पिळात आहे. उरलेलं अर्धं असं की कुसळ फुटल्यावर गुरं तिला तोंड लावत नाहीत.

मग पवन्याचं बी कुठून आलं? उघड्या तुकड्यात बोराटीच्या जाळीत हात घालून बघा. काट्यांच्या आत, जिथं शेळीचं तोंड पोचत नाही, तिथं पवन्याचे दोन-चार ठोंब तग धरून असतात. कॉनेल आणि स्लाटियर यांनी 1977 साली अनुक्रमणाच्या तीन तऱ्हा मांडल्या: आधीची वनस्पती नंतरचीला हात देते, नुसती सहन करते किंवा अडवते. बोराटी हात देणारी. टाकळ्याचं दाट रान मात्र सावलीखाली बाकीच्यांना दाबतं, ते अडवणाऱ्यातलं. म्हणून राखलेल्या तुकड्यातली बोराटी ‘साफसफाई’ म्हणून तोडू नका.

ठोंब मोजताना वाद होतो तो एक कुठला याचा. म्हातारा ठोंब मधून मरतो आणि कडेनं जिवंत राहतो. वरून बघणारा त्याचे तीन-चार मोजतो. आमचा नियम असा की बुंध्यांमधलं अंतर पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर एकच. तुमचा वेगळा असला तरी बिघडत नाही, फक्त मधेच बदलू नका. हरळीसारखी पसरणारी गवतं ठोंबांनी मोजायचीच नाहीत, त्यांचं नुसतं आच्छादन लिहायचं.

विविधतेचा आकडा काढताना सिम्प्सनचा 1949 चा निर्देशांक सोपा पडतो: प्रत्येक जातीचा वाटा काढा, त्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज एकातून वजा करा. समजा, एका चौकटीत तीन जातींचे वाटे 70, 15 आणि 15 टक्के आहेत: 1 − (0.49 + 0.0225 + 0.0225) = 0.465. दुसरीत 40, 30, 20, 10: उत्तर 0.70. दुसरी जास्त विविध, हे खरं. पण त्या चार जाती गाजर गवत, टाकळा, एकदांडी आणि ॲरिस्टिडा असल्या तरी आकडा तोच येतो. उघड्या तुकड्याचा निर्देशांक राखलेल्यापेक्षा वर गेला तर घाबरू नका आणि लपवूही नका; आकड्याशेजारी बहुवर्षायू गवतांचा वाटा लिहा, चित्र स्पष्ट होतं.

नाकतोड्यांची मोजणी यंदा सुरू केली. कारण उघड आहे: गवत बदललं की ते खाणारे बदलतात आणि हिवाळ्यात त्यांच्यावर जगणारे भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षीही. पकडून, खूण करून, सोडून पुन्हा पकडायची पद्धत वापरली. उजाडताच, अंगात ऊब येण्याआधी नाकतोडे सुस्त असतात तेव्हा पकडा. मानेमागच्या कवचावर नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या, पंखावर नको. फक्त पूर्ण पंख फुटलेलेच घ्या, कारण पिल्लं कात टाकतात आणि ठिपका कातेबरोबर जातो. समजा पहिल्या दिवशी 40 खुणावले, दुसऱ्या दिवशी 35 पकडले, त्यात 9 खुणेचे निघाले. साध्या गुणोत्तरानं 40 × 35 ÷ 9, म्हणजे सुमारे 156. हे सूत्र संख्या थोडी फुगवतं, म्हणून चॅपमनची 1951 ची दुरुस्ती लावायची: 41 × 36 ÷ 10, वजा 1, म्हणजे 147. आता खरी गंमत. या आकड्यांवर 95 टक्के खात्रीची व्याप्ती साधारण 82 ते 211 येते. म्हणजे पुढच्या वर्षी 120 आले तर ‘नाकतोडे घटले’ असं म्हणायला काडीचाही आधार नाही. व्याप्ती आवळायची तर खुणेचे पुन्हा सापडणारे वाढायला हवेत, त्यासाठी जास्त खुणावा. शिवाय उडणाऱ्या कीटकाला 20 मीटरची हद्द ठाऊक नसते. दोन पकडींत एका दिवसापेक्षा जास्त अंतर ठेवलं तर खुणेचे बाहेर जातात आणि संख्या भलतीच फुगते.

गाजर गवत राखलेल्या तुकड्यात आता फक्त कडेला, माती हलली तिथं उरलं आहे. फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटायचं. पावसाळ्यात त्यावर मेक्सिकन भुंगेरा दिसला तर राहू द्या. तो 1984 पासून याच कामासाठी भारतात सोडला गेला. वेडी बाभूळ मात्र एकही नको. जमिनीलगत छाटली तर झुडूप होऊन वर येते. रोप असतानाच वीतभर खणून मुळाच्या डोक्यासकट काढावं लागतं. राखलेल्या माळावर झाडं लावायचा आग्रह दर पावसाळ्यात कुणीतरी धरतंच. अनुक्रमणाचं टोक म्हणजे जंगलच, हा वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेमेंट्सच्या 1916 च्या मांडणीचा सरधोपट अर्थ अजून डोक्यातून गेलेला नाही. वीतभर मुरमावर खड्डे खणले की तयार ठोंब मरतात आणि हललेल्या मातीत पुन्हा गाजर गवत.

पुढची अडचण पाचोळ्याची. आऱ्याच्या बिंदूंमध्ये वाळक्या गवताला टेकणारे बिंदू वाढत चालले आहेत. कापलं नाही आणि चरलंही नाही तर जुनं गवत बुंध्यावर साचतं, नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही, मधल्या बारीक जाती गुदमरतात, आणि फाल्गुनात कुणी काडी टाकली तर जाळही मोठा होतो. म्हणून राखलेल्या तुकड्याचे यंदा दोन भाग करतोय. एका भागातलं गवत बी झडल्यावर, डिसेंबरात, आठ-दहा सेंटिमीटर बुडखा ठेवून विळ्यानं कापून बाहेर काढायचं, दुसरा तसाच. बी झडण्याआधी कापलं तर पवन्याचं पुढच्या वर्षाचं बियाणं गोठ्यात जातं, त्यामुळं ओंबी बोटांत चोळून दाणे सुटतात का ते बघूनच विळा लावा. कापणीआधी दोन्ही भागांत टेपच्या दोन-दोन रेषा मोजून घ्यायच्या आहेत. कुणी आधीच कापणी करत असेल तर बुडखा किती ठेवला आणि पुढच्या आर्द्रात फुटवा कसा आला, ते आकड्यांसह कळवा.