गाडी बदलायचं गाव

शनिवार, रात्री साडेनऊ

धुळ्याच्या माणसाला चाळीसगाव ठाऊक असतं ते जंक्शन म्हणून. उतरायचं, बाकावर डबा उघडायचा, मेन लाइनची गाडी आली की चढायचं. वीस वर्षं मी हेच करत आले. आज पहिल्यांदा मुद्दाम चाळीसगावलाच जायचं म्हणून सकाळची गाडी धरली. निघताना आईने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि विचारलं, "तठे काय शे पाहाले?"

फोटोग्राफर आणि चित्रकार केकी मूस यांचं घर. स्टेशनापासून चालत जाण्याजोगं.

मूस पारशी, जन्म १९१२ सालचा, मुंबईचा. (पंजाब मेलही त्याच वर्षी सुरू झाली. हे नंतर आठवलं आणि अंगावर काटा आला. का, ते पुढे येतंय.) इंग्लंडमध्ये शेफील्डला कला शिकले, देश हिंडले आणि मग चाळीसगावच्या या घरात येऊन जे बसले, ते १९८९ मध्ये जाईपर्यंत जवळजवळ बाहेर पडलेच नाहीत. पन्नासेक वर्षं! मला सुट्टीचे दोन दिवस घरात काढवत नाहीत.

आता तिथे संग्रहालय आहे. चित्रं, मातीची शिल्पं, लाकूडकाम, कागदाच्या घड्या आणि भिंतीभर फोटो. सुरुवातीला मी सवयीने भराभर पुढे सरकत होते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असंच केलं होतं. एका दिवसात तिन्ही मजले संपवायचे म्हणून धावले, आणि आज त्यातलं आठवतं काय, तर घुमट आणि दुखणाऱ्या पोटऱ्या.

इथे थांबले ते एका बर्फाच्या फोटोपाशी. बर्फातलं गाव, सुनसान. परदेशी असताना काढला असणार, असं धरून मी पुढे गेलेही. मग कळलं की हा टेबलटॉप. म्हणजे टेबलावर बारक्या वस्तू मांडायच्या, उजेड असा पाडायचा आणि कॅमेरा असा लावायचा की वीतभर जागेत अख्खा मुलूख उभा राहावा. परत मागे आले. फसवणूक कुठे पकडता येते का, म्हणून काचेला नाक लावून पाहिलं. नाही सापडली. बाहेर आमचं खानदेशी ऊन रणरणत होतं आणि या माणसाने बंद खोलीत, टेबलावर हिमवर्षाव केला होता.

त्यांचा गाजलेला फोटो मात्र वेगळाच, 'चाळीसगावची चेटकीण'. एक म्हातारी. नाव ऐकून मी भ्याले होते, चेहरा पाहिला आणि नावाचाच राग आला. अशा म्हाताऱ्या आमच्या बाजारात लिंबं विकतात.

आणि ती गोष्ट. गावात सांगतात की त्यांची मैत्रीण 'एक दिवस पंजाब मेलने येईन, तुझ्याबरोबर जेवीन' म्हणाली होती. म्हणून ते रोज रात्री त्या गाडीच्या वेळी दार उघडं ठेवत, टेबलावर दोघांचं ताट मांडत. ती आली नाही. लोक ही गोष्ट फार गोड करून सांगतात, मला ती गोड वाटत नाही. रोज दुसरं ताट उचलून ठेवताना माणसाला काय वाटत असेल? पण तेच टेबल मांडण्याचं वेड फोटोंतही उतरलं असेल का, हा विचार काही डोक्यातून जाईना.

तीन तास कसे गेले कळलं नाही. भाकरी खायची राहिली ती स्टेशनावर, नेहमीच्याच बाकावर खाल्ली. समोरून एक मेल न थांबता धाडधाड निघून गेली. ठेच्यावर धूळ बसली.

तेवढ्यात आईचा फोन. "काय व्हतं मंग तठे?"

"बर्फ," मी म्हणाले.

"चाळीसगावमा बरफ?" आणि पलीकडे बराच वेळ हसू.