पेनाच्या नळीचे चार तुकडे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा मेसेज आला आणि मला आधी आठवली ती माझी पत्र्याची कंपासपेटी. नववीत विज्ञान प्रदर्शनासाठी तिच्यात अलार्म बसवला होता, बसवला म्हणजे काय तर अलार्मचा सर्किट बोर्ड आत टाकला आणि झाकण लावलं. टेबलावर मस्त वाजायचा, पेटीत गेला की चिडीचूप, वर 9 व्होल्टची बॅटरी गरम. सरांनी बोर्ड उलटा केला, खालच्या सोल्डरच्या टोकांवरून बोट फिरवलं, "हे सगळं पत्र्याला टेकतंय रे, शॉर्ट नाही होणार तर काय!" मग संपलेल्या बॉलपेनची बाहेरची नळी कापून 6-6 मिलिमीटरचे चार तुकडे केले, त्यातून स्क्रू घालून बोर्ड वर उचलला. वाजला की लगेच!

आता मी त्या तुकड्यांऐवजी नायलॉनचे तयार स्पेसर वापरतो, पण पद्धत सरांचीच. भोकांसाठी पट्टी घेऊन मोजत बसायचं नाही, बोर्डच कागदावर ठेवायचा, भोकं पेन्सिलने उतरवायची, कागद डब्याला चिकटवून खिळ्याने टोचा मारायचा, आधी बारीक ड्रिल आणि मग एम3 म्हणजे 3 मिलिमीटरच्या स्क्रूसाठी 3.2 मिलिमीटरचं. डब्याच्या बाहेरून भोक पाडणार असाल तर कागद उलटा करायचा हं, मी विसरलोय, तेही दोनदा, आणि आर्डुइनो ऊनो या प्रोग्रॅम करायच्या बोर्डाची भोकं सरळ चौकोनात नसतात, त्यामुळे ती जुळलीच नाहीत. त्यातल्या एका भोकाला तर हेडर, म्हणजे वायरी खोचायची पट्टी, इतका खेटून आहे की तिथे नायलॉनचाच स्क्रू बरा. चारही स्क्रू आधी सैल लावायचे, मग थोडे थोडे आवळायचे. भोक जुळत नसेल तर कानसने वाढवा पण बोर्ड वाकवू नका, बोर्डावरच्या बारीक सिरॅमिक कपॅसिटरला तडा जातो आणि तो डोळ्याला दिसतही नाही.

टीपी4056 चार्जिंग मॉड्यूलला, म्हणजे लिथियम बॅटरी चार्ज करायच्या छोट्या बोर्डाला, तर भोकंच नसतात. तिथे कडांना हॉट ग्लू, आयसीपासून (त्यावरच्या काळ्या चिपपासून) लांब, कारण चार्जिंगला ती चांगलीच तापते आणि ग्लू मऊ पडतो. काढायचा असेल तर कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाका, आपोआप सुटतो. हे कळायच्या आधी मी स्क्रूड्रायव्हरने उचकटताना एक मॉड्यूल मोडलंय.

पण बोर्ड 6 मिलिमीटर वर आल्यावर कंपासपेटीचं झाकण काही लागेना. सरांनी वरून रबरबँड लावला आणि प्रदर्शनात तसाच मांडला. पेटी अजून आहे माझ्याकडे, रबरबँड तेवढे बदलत आलोय.