जादा पाटा, ब्रेकचा वाल्व्ह आणि मांजरसुंब्याचा उतार

ज्यांनी पिकअपला मागे जादा पाटा, म्हणजे स्प्रिंगची एक जास्तीची पोलादी पट्टी, टाकून घेतला आहे, त्यांनी मालाचा भार ओळखणारा ब्रेकचा वाल्व्ह तपासल्याशिवाय भरल्या गाडीने मांजरसुंब्याचा घाट उतरू नये. लातूरहून तूरडाळीची पोती घेऊन जालन्याला जायचे आणि येताना तिथून सळई आणायची, एवढ्या साध्या प्रवासात मला हे कळले, आणि जिवावर बेतल्यावर कळले. पाटे बसवणाऱ्या कारागिराने छातीठोकपणे सांगितले होते की गाडी आता मागे बसणार नाही आणि बाकी कशालाही हात लावायची गरज नाही. त्यातले पहिले विधान खरे निघाले. दुसरे सपशेल खोटे होते.

लातूर, अंबाजोगाई, केज हा टप्पा सुरळीत पार पडला, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मांजरसुंब्याला राष्ट्रीय महामार्ग ५२ लागतो आणि तिथून पालीकडे बालाघाटाची धार उतरावी लागते. रस्ता चौपदरी आणि रुंद असल्यामुळे उतार जाणवत नाही. धोका आहे तो यातच. मी तिसऱ्या गिअरमध्ये होतो आणि वळणापूर्वी नेहमीसारखे ब्रेक दाबत होतो. अर्ध्या घाटात पुढच्या चाकांकडून जळका वास येऊ लागला आणि त्यानंतरच्या वळणावर ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ पडून जवळजवळ तळाला गेले. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला थांबवली. खाली उतरून चाकांजवळ हात नेला, तेव्हा पुढच्या डिस्कची धग वीतभर अंतरावरूनही सोसवत नव्हती आणि मागचा ड्रम मात्र जेमतेम कोमट होता. चौदाशे किलो माल मागे असताना मागचा ड्रम कोमट राहतो, याचा अर्थ मागची चाके ब्रेकचे काम करतच नव्हती.

घाटाखालच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडण्यापूर्वीच मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग, गेल्याचे जाहीर केले. अशा वेळी माझ्यानंतर जाणाऱ्यांनी शांत डोक्याने तीन गोष्टी पाहाव्यात. ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी घटलेली नसेल, गाडी थंड झाल्यावर पेडल पुन्हा कडक लागत असेल आणि ते एकसारखे दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत नसेल, तर मास्टर सिलिंडर ठीक आहे. उष्णतेने ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले, एवढेच घडले आहे. माझ्या गाडीत तिन्ही लक्षणे अशीच होती. सिलिंडर बदलू दिला नाही, तर त्या गृहस्थाने ऑइलच्या बाटलीचे छापील किमतीच्या दुप्पट पैसे लावले आणि ब्रेकच्या नळ्यांतली एअर (हवा) काढण्याची मजुरी वेगळी घेतली. छापील किमतीपेक्षा जास्त आकारणे बेकायदा आहे, हे सांगूनही उपयोग झाला नाही. म्हणून डॉट ४ दर्जाच्या ऑइलची सीलबंद बाटली, पारदर्शक नळी आणि ब्लीडरच्या, म्हणजे ही हवा सोडण्याच्या स्क्रूच्या, मापाचा रिंग पाना गाडीत ठेवूनच निघावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. नवे असताना डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. दोन वर्षे न बदललेल्या ऑइलने घाटात जाणे शहाणपणाचे नाही.

आता मूळ कारणाकडे येतो. अनेक पिकअपमध्ये चासीवर, मागच्या एक्सलच्या वर एक वाल्व्ह असतो आणि त्याचा दांडा किंवा स्प्रिंग एक्सलला जोडलेली असते. गॅरेजमध्ये त्याला एलएसपीव्ही म्हणतात. माल भरला की चासी खाली बसते, दांडा वर ढकलला जातो आणि वाल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की तो दाब रोखतो, कारण एरवी हलकी मागची चाके जाम होऊन गाडी फिरेल. जादा पाटा टाकल्यावर चासी पूर्वीइतकी बसत नाही. त्यामुळे माल भरलेला असूनही वाल्व्ह गाडी रिकामीच समजतो आणि सगळा भार पुढच्या पॅडवर येतो. गाडी सपाट उभी दिसते म्हणून मालक खूश असतो, आणि सपाट रस्त्यावर यातले काहीच कळत नाही.

दांडा सरकवून हे जुळवावे, असा सल्ला मला जालन्यात मिळाला. तो अर्धवट आहे. भरल्या गाडीसाठी दांडा जुळवला, तर रिकाम्या गाडीत मागे गरजेपेक्षा जास्त दाब जाईल आणि पहिल्या पावसात मागचा भाग घसरेल. कडक झालेल्या पाट्यांची हालचालच कमी असल्याने दोन्ही अवस्था एका मापात बसत नाहीत. दाब मोजण्याचे गेज असलेल्या वर्कशॉपमध्ये कंपनीच्या मापानुसारच हे काम करावे, आणि ती सोय नसेल तर पाटा काढून टाकावा. मी जालन्यातच काढून घेतला. ते काम स्वतः करणाऱ्यांनी चासीखाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल करू नयेत, ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत आणि शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर भरल्या गाडीत नट पुन्हा आवळावेत. सळई भरून निघाल्यावर अंबडपर्यंत दोनदा थांबून पाहिले. मागचे ड्रम आता व्यवस्थित तापत होते.

जादा पाट्याने आरसीवरचे वजन एका किलोनेही वाढत नाही. जादा माल भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. पाटा विकणारा हे सांगत नाही.

घाट टाळण्यासाठी धारूर, तेलगावमार्गे जाण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो सोडून द्यावा. धारूरचा घाट अरुंद आणि तीव्र वळणांचा असून भरल्या पिकअपला तो मांजरसुंब्याहून वाईट आहे. मांजरसुंब्यालाच, उतार सुरू होण्याच्या आधी दुसऱ्या गिअरमध्ये यावे, वेग इंजिनाने धरावा आणि ब्रेक सतत घासत न ठेवता थोडा वेळ जोराने दाबून सोडावा. परतीच्या चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जाऊ लागला तर इंजिन एकदम बंद न करता सावलीत थांबून काही मिनिटे चालू ठेवावे, गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, आणि घरी आल्यावर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारून काढावा.